सोनोग्राफी अहवालाची शेवटची ओळ

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातील एक शेतकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास, होळीच्या सुमारास आमच्या चिकित्सालयात आले. डाव्या कुशीतून जांघेकडे उतरणारा तीव्र शूल, सदाह मूत्रप्रवृत्ती, हृल्लास. लक्षणे इतकी बोलकी होती की, अश्मरीचा संशय घेण्यास विलंब लागला नाही. आम्ही सोनोग्राफीसाठी चिठ्ठी दिली आणि त्याच दिवशी सायंकाळी ते तालुक्याच्या गावाहून अहवाल घेऊन परतले. डाव्या गवीनीच्या वरच्या भागात ९ मि.मी.चा खडा आणि त्यामुळे मूत्र तुंबून मूत्रपिंडास आलेली मध्यम सूज. आम्ही वरुणादि क्वाथ, गोक्षुरादि गुग्गुळ व चंद्रप्रभा वटी यांची योजना केली, पथ्यापथ्य समजावले आणि पंधरा दिवसांनी भेटण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी ते स्वतः आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. “बाबाचं दुखनं थांबलं, खडा पडला असन. तेच औषध अजून पंधरा दिवसाचं द्या, सायेब,” असे तो म्हणाला. आम्हांसही समाधान वाटले. औषध दिले.

पुढच्या संक्रांतीला ते पुन्हा आले ते रक्तदाब वाढल्याचे निमित्त होऊन. या वेळची सोनोग्राफी अकोल्यास झाली. खडा होता तेथेच होता. डावे मूत्रपिंड मात्र पातळ भिंतीच्या पिशवीसारखे झाले होते आणि नंतरच्या स्कॅनमध्ये त्याचे कार्य जवळजवळ संपुष्टात आल्याचे दिसले. आम्ही होळीचा अहवाल त्यांच्याकडून मागवून घेतला. इंग्रजीत टंकलिखित दीड पान, आणि सर्वांत शेवटी एक ओळ : मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व तीन आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करावी. ती ओळ त्या दिवशी आमच्या नजरेखालून गेली असणारच, कारण अहवाल आम्ही हातात घेऊन वाचला होता. पण केसपेपरवर तिचा मागमूस नाही. रुग्णास ती सांगितल्याची नोंद नाही. सांगितली नव्हती, हेच खरे.

आपल्या त्रैमासिकात यशस्वी चिकित्सेचे वृत्तांत पुष्कळ येतात, फसलेल्यांचे क्वचित. म्हणून हा प्रसंग विस्ताराने मांडला. शिवाय, असा एखादा केसपेपर आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असावा, असे आम्हांस वाटते.

दोष कोणाचा म्हणावा? सोनोग्राफी केंद्राने तपासणी नीट केली, निदान अचूक दिले, पुढे काय करावे तेही लिहिले. रुग्णाने पैसे मोजून तपासणी केली व कागद आमच्यापर्यंत आणला. आम्ही शास्त्रोक्त औषध दिले. प्रत्येकाने आपापल्या परीने आपले काम केले आणि तरीही एका माणसाचे मूत्रपिंड गेले. केंद्राला वाटले, चिठ्ठी पाठवणारा वैद्य पाहील. आम्हांस वाटले, त्रास राहिला तर रुग्ण येईलच. रुग्णाला वाटले, दुखणे थांबले म्हणजे रोग गेला. त्या शेवटच्या ओळीला धनीच नव्हता.

येथे वेदनेविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्यातील बहुतेकांची फसगत तेथेच होते. गवीनीत अडकलेल्या खड्याचा शूल हा मुख्यतः तुंबलेल्या मूत्राच्या दाबामुळे होतो. अवरोध दीर्घकाळ टिकला की, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, मूत्रनिर्मिती मंदावते, दाब उतरतो आणि शूल शमतो. रुग्णास बरे वाटू लागते त्याच काळात मूत्रपिंड झिजत असते. ५ मि.मी.पर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडून जातात, १० मि.मी.च्या पुढचे क्वचितच पडतात, आणि मधल्या आकाराच्या खड्यांबाबत पुन्हा पाहिल्याशिवाय काहीही म्हणता येत नाही. पूर्ण अवरोध सहा आठवड्यांच्या पुढे गेला, तर मूत्रपिंड पूर्ववत होण्याची आशा फारच थोडी उरते. म्हणजे त्या अहवालातील ‘तीन आठवडे’ हा आकडा उगाच टाकलेला नव्हता. तो हिशेबाचा होता.

अश्मरी हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या आणि चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात या व्याधीचा जो विचार केला आहे, तो आजही थक्क करणारा आहे. व्याधी दारुण आहे, तरुण अवस्थेत तो औषधांनी साध्य आहे आणि वाढलेला असेल तर शस्त्रकर्मास योग्य आहे, असा स्पष्ट विवेक त्यांनी केला आहे. आता, तरुण कोणता आणि प्रवृद्ध कोणता हे ठरवण्यासाठी काही काळाने पुन्हा पाहावेच लागते. सुश्रुतोक्त षट्क्रियाकालाचा गाभाही तोच आहे : योग्य अवस्थेत दोषाला गाठले नाही, तर पुढची अवस्था येते. अश्मरीवरील शस्त्रकर्माचा परिणाम अनिश्चित असल्याने ते करण्यापूर्वी धन्याची अनुज्ञा घ्यावी, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे. ज्या संहितेने जोखमीच्या कर्माआधी संवाद अनिवार्य मानला, तिचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्ही अहवालातली एक ओळ रुग्णाला वाचून दाखवली नाही.

चरकाचार्यांच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायाची आठवण या संदर्भात वारंवार होते. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चार पाद, आणि रोग्याचे चार गुण : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व. रुग्ण पुन्हा तपासणीला आला नाही की आपण सहज म्हणतो, ‘सांगितलेले ऐकत नाहीत, काय करणार?’ म्हणजे निर्देशकारित्वाचा अभाव आपण रुग्णाच्या माथी मारतो. पण ज्याला निर्देश मिळालाच नाही, त्याने पालन कशाचे करावे? इंग्रजीतील टंकलिखित कागद हातात ठेवणे म्हणजे निर्देश नव्हे.

आपल्याकडील एक विचित्र परिस्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. पाश्चात्त्य देशांत तपासणीचा अहवाल प्रथम वैद्याकडे जाण्याची रीत दीर्घकाळ होती आणि तो वैद्याच्या टेबलावर पडून राही, ही तेथील मुख्य तक्रार होती. २००७ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेला याविषयी सर्व रुग्णालयांसाठी सूचनापत्र काढावे लागले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली कायदाच केला : तपासणीत लक्षणीय दोष आढळला, तर केंद्राने वैद्याला अहवाल पाठवल्यापासून वीस दिवसांत थेट रुग्णालाही कळवावे. आपल्याकडे उलट आहे. अहवाल व फिल्म तासाभरात रुग्णाच्या हाती पडते, तो ती जन्मभर जपून ठेवतो, कोठेही दाखवायला नेतो. कागद त्याच्याजवळ आहे, त्यातला निरोप मात्र त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. फिल्म ठेवायची जी मोठी पिशवी मिळते, तिच्यावर केंद्राचे नाव, पत्ता, दूरध्वनी ठळक रंगीत अक्षरांत छापलेले असतात. पुढच्या तपासणीची तारीख लिहिण्यासाठी चार बोटे जागा ठेवावी, असे आजवर कोणास सुचलेले आम्ही पाहिले नाही.

अहवालांतील भाषेविषयीही बोलले पाहिजे. ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ हे वाक्य इतक्या अहवालांच्या शेवटी असते की, डोळ्यांना ते दिसेनासे झाले आहे. कोठे ‘गरज वाटल्यास पुढील तपासणी’ असते. कोणाला गरज वाटल्यास? कोणती तपासणी? किती दिवसांत? खऱ्या महत्त्वाची सूचना या पोकळ वाक्यांच्या शेजारी, त्याच अक्षरांत, त्याच आकारात येते आणि त्यांच्याबरोबरच वाचली न जाता राहते. रेडिऑलॉजिस्ट मंडळींना आमची विनंती आहे की, जेथे सांगण्यासारखे काही नाही तेथे काहीच लिहू नये आणि जेथे आहे तेथे काय, केव्हा व कोणाकडे हे तिन्ही लिहावे. शक्य तेथे कारणही. ‘तीन आठवड्यांनी, कारण मूत्रपिंडावर दाब आहे’ एवढे असते, तर आमच्याही डोळ्यांतून ती ओळ निसटली नसती.

पण ही विनंती करण्याचा अधिकार आपणांस किती आहे, हे आपल्याच चिठ्ठ्या पाहून ठरवावे. औषधकंपनीने भेट दिलेल्या पॅडचा अर्धा कागद, त्यावर रुग्णाचे नाव, ‘पोटाची सोनोग्राफी’ आणि सही. वय नाही, लक्षणे नाहीत, कधीपासून नाही, पूर्वीचा अहवाल आहे काय ते नाही, आपला दूरध्वनी क्रमांकही अनेकदा नाही. पलीकडच्या माणसाला रुग्णाची काहीच कथा कळत नाही, म्हणून तोही सावध, मोघम लिहितो. गर्भवतीच्या सोनोग्राफीबाबत कायद्याने पाठवणाऱ्या वैद्यकाचे नाव व पत्ता ‘एफ’ नमुन्यात नोंदवणे आणि ती कागदपत्रे किमान दोन वर्षे जतन करणे बंधनकारक केले आहे. तेथे आपले नाव नीट लिहिले जाते, कारण चूक झाली तर केंद्राला टाळे लागते. मग पित्ताशय, मूत्रपिंड वा अंडाशय यांच्या सोनोग्राफीत पाठवणाऱ्याचे नाव इतके पुसट का असावे?

आता थोडे कटू लिहितो. चिठ्ठी देणारा आणि तपासणी करणारा यांच्यात संपर्कच नाही, असे म्हणणे सर्वत्र खरे नाही. काही ठिकाणी महिन्याच्या अखेरीस पाकीट पोचते, त्यात किती रुग्ण पाठवले याचा चोख हिशेब असतो. २०१७ साली राज्य शासनाने या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, त्या वेळी वैद्यकीय वर्तुळात झालेली खळबळ वाचकांना आठवत असेल. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच विचारतो की, ज्या वाटेने पाकीट येऊ शकते, त्या वाटेने ‘तुमच्या अमुक रुग्णाला तीन आठवड्यांनी पुन्हा पाठवा’ हा निरोप का येऊ शकत नाही? वहीत नावे आहेत, दूरध्वनी आहेत, नियमितपणाही आहे.

याउलट एक व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर अनेक वर्षे उत्तम चालू आहे. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड पाहा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. घाटावरच्या वस्तीतील अक्षरओळख नसलेली माताही आपल्या बाळाची पुढची तारीख सांगू शकते. कारण ती तारीख परिचारिका स्वतःच्या हाताने कार्डावर लिहिते, तोंडाने सांगते, स्वतःच्या नोंदवहीतही उतरवते आणि तो दिवस आला की आशाताई दारात उभी राहते. क्षयरोगाचेही तसेच. २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद शासनास कळवणे सक्तीचे झाले, पुढे ‘निक्षय’ प्रणाली आली आणि औषध अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या घरी कोणीतरी जाऊ लागले. या दोन्ही ठिकाणी रुग्ण इतर रुग्णांहून अधिक शहाणा नाही. त्याच्या पुढच्या तारखेची जबाबदारी एका माणसावर आहे, एवढाच फरक.

आमचे मत स्पष्ट आहे. चित्रण तपासणीनंतरच्या पुढील सूचनेची जबाबदारी ज्याने चिठ्ठी लिहिली त्याची असावी. केंद्राने स्पष्ट लिहावे, तातडीचे असल्यास दूरध्वनी करावा. परंतु ती सूचना रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, लिहून देणे आणि त्या दिवशी तो आला की नाही हे पाहणे हे चिठ्ठी लिहिणाऱ्याचे काम आहे. चिठ्ठी लिहिली त्या क्षणी आपण एक प्रश्न विचारलेला असतो. त्याचे उत्तर ऐकून घेतल्याशिवाय उठून जाणे योग्य नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला, वेळ नाही. दिवसाकाठी साठ रुग्ण पाहणाऱ्याने वह्या कधी लिहाव्यात? आमचा अनुभव असा की, अशी सूचना असलेले अहवाल दिवसात फार थोडे असतात, बहुतेक दिवशी नसतातच. दुसरा, रुग्ण एकाच वैद्याकडे टिकत नाही. आज आपल्याकडे, उद्या दुसरीकडे, परवा शेगावला दर्शनाला गेला असता तेथेच कोणाला तरी दाखवतो. हे खरे आहे. पण म्हणूनच सूचना त्याच्या जवळच्या कागदावर मराठीत असली पाहिजे, म्हणजे तो कोठेही गेला तरी पुढचा वैद्य ती वाचू शकेल. तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो : लिहून दिले आणि रुग्ण आला नाही, तर उद्या ग्राहक न्यायालयात तोच कागद आपल्यावर उलटेल. आम्हांस उलट वाटते. सांगितल्याची व आठवण दिल्याची नोंद हेच आपले संरक्षण आहे. केसपेपर कोरा असेल, तर काय उत्तर देणार?

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्रत्येक आढळाचा पाठपुरावा करावाच लागतो असे नाही. सोनोग्राफी यंत्रे जशी सूक्ष्म होत गेली, तसे निरुपद्रवी आढळही वाढले. ऋतुमती स्त्रीच्या अंडाशयातील ५ सें.मी.पर्यंतची साधी, पातळ भिंतीची पाण्याची गाठ पुन्हा पुन्हा तपासण्याची गरज नसते, ती बहुधा स्वतःच विरते. मोठी किंवा रक्त साकळलेली गाठ असेल, तर सहा ते बारा आठवड्यांनी पाहावे. फुप्फुसातील लहान गाठींबाबत फ्लायश्नर सोसायटीचे २००५ सालचे नियम २०१७ मध्ये बदलले, ते मुख्यतः अनावश्यक स्कॅन कमी व्हावेत म्हणूनच : जोखीम कमी असलेल्या व्यक्तीत ६ मि.मी.हून लहान, एकट्या, घट्ट गाठीचा नित्य पाठपुरावा नको, असे ते सांगतात. न्यूमोनिया बरा झाल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या रुग्णाचा मात्र छातीचा एक्स-रे सहा आठवड्यांनी पुन्हा काढावा, कारण त्या धूसर ठिपक्यामागे कर्करोग दडलेला असू शकतो. बिडी ओढणाऱ्या आपल्या भागात ही सूचना किती जणांना सांगितली जाते, ते प्रत्येकाने स्वतःस विचारावे. तात्पर्य, ‘पुन्हा तपासणीची गरज नाही’ हीदेखील एक सूचना आहे आणि तीही स्पष्ट शब्दांत द्यावी. गरीब रुग्णाचे पैसे वाचतात, मनातली भीती जाते.

स्त्रीरुग्णांबाबत एक निरीक्षण येथेच नोंदवतो. अंडाशयाच्या वा स्तनाच्या गाठीचा अहवाल अनेकदा पती किंवा दीर घेऊन येतो, आपण त्यालाच समजावतो. घरी पोचेपर्यंत ‘काही विशेष नाही’ एवढेच तिच्या कानी येते. तिला स्वतःला बोलावून सांगावे, निदान चिठ्ठी तिच्या नावे असावी.

आमच्या त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी दोनशेपानी वही केली. तिच्यात दिनांक, नाव, गाव, दोन दूरध्वनी क्रमांक, कोणती तपासणी, काय आढळले, पुन्हा केव्हा, कोणाकडे आणि शेवटी ‘आले/नाही’ असा रकाना. दर सोमवारी सकाळी मदतनीस त्या आठवड्यातील नावांना दूरध्वनी करतो. दोन क्रमांक का, तर दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, घरातला एकुलता मोबाईल त्यांच्यासोबत जातो, कधी रिचार्ज संपतो. दुसरा क्रमांक शेजाऱ्याचा किंवा आशाताईचा घेतो. त्यांच्याकडे निरोप देताना रोगाचे नाव घ्यायचे नाही, फक्त ‘दवाखान्यात भेटून जा’ एवढेच.

तारीख सांगण्याची रीतही आम्हांस नव्याने शिकावी लागली. ‘सहा आठवड्यांनी या’ हे खेड्यात कोणाच्याच लक्षात राहत नाही. होळीला तपासणी झाली असेल, तर सहा आठवडे भेंडवळच्या घटमांडणीच्या चार-पाच दिवस आधी भरतात. ‘आखाजीच्या आधी, भेंडवळचं भाकीत निघायच्या आत या’ असे म्हटले की, घाटाखालच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मनात तो दिवस पक्का होतो. शेगावची पालखी निघण्याआधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोयाबीन घरात येण्यापूर्वी : अशी खूण बांधून दिली, तर येणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे आम्ही पाहतो. सोयाबीन निघण्याच्या ऐन दिवसांत मात्र कोणालाही बोलावू नये. कोणी येत नाही. कागदावर इंग्रजी तारीख असतेच, तोंडी ही खूण.

तज्ज्ञाकडे न जाण्यामागे खर्चाची धास्ती असते, तिचाही उलगडा त्याच वेळी करावा लागतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गातील खड्यांवरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा’ एवढेच सांगितले की, त्यांच्या डोळ्यांपुढे विकलेला बैल उभा राहतो. सूचना देताना शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत नेण्यास सांगणे हा सूचनेचाच भाग आहे.

औषधालयचालक बंधूंना आमचे स्वतंत्र सांगणे आहे. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. चिठ्ठीवाचूनही क्वाथ, गुग्गुळ, पाषाणभेदाच्या गोळ्या मिळतात. म्हणून मुतखड्याचा रुग्ण वैद्याकडे यायचा थांबल्यावरही महिनोन्‌महिने तुमच्या दुकानात येत राहतो. आमच्या त्या रुग्णाचा मुलगा आमच्याकडून दुसऱ्यांदा औषध घेऊन गेला, त्यानंतर पावसाळाभर त्याने तेच औषध एका दुकानातून परस्पर आणले. दुकानदाराचा त्यात काही अपराध नव्हता, मागितले ते दिले. पण तिसऱ्यांदा तोच क्वाथ मागणाऱ्याला ‘खडा पडलेला डोळ्यांनी पाहिला काय? पुन्हा सोनोग्राफी केली काय?’ एवढे दोन प्रश्न विचारणारा माणूस त्या वाटेवर शेवटचा तुम्हीच असता. एखादी बाटली कमी खपेल, हे आम्ही नाकारत नाही. निर्मात्यांनी मुतखड्यावरील औषधाच्या वेष्टणावर ‘वेदना थांबली तरी पुनर्तपासणी करावी’ अशी मराठी ओळ छापली, तर त्यांचा खर्च शाईपुरताच आहे.

आणि यशस्वी वृत्तांतांबद्दल. ‘अश्मरीवर अमुक कल्पाचा परिणाम’ अशा लेखांत आपण उपचारापूर्वीची व नंतरची सोनोग्राफी छापतो. ती कोणाची असते? जे परत आले त्यांची. जे आले नाहीत, त्यांना आपण बरे झाले असे मनोमन धरतो किंवा मोजतच नाही. यापुढे अशा लेखांत किती रुग्णांना पुन्हा तपासणीस सांगितले आणि किती आले, हे दोन आकडे दिल्याशिवाय लेख स्वीकारू नये, अशी आमची संपादक मंडळास सूचना आहे.

डिजिटल आरोग्य अभियान सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, ‘आभा’ खात्याशी अहवाल जोडता येतात. चांगलेच आहे. परंतु इंग्रजी अहवाल पिशवीतून मोबाईलमध्ये गेला म्हणून तो समजला असे होत नाही. तूर्त तरी आमचा भरवसा वहीवर आहे.

खारपाणपट्ट्यात या विषयाला धार अधिक आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या पट्ट्यात खारट भूजल पीत आलेल्या गावांमध्ये मूत्रपिंडविकाराचे रुग्ण घरोघर माहीत आहेत. ज्यांची दोन्ही मूत्रपिंडे आधीच दुबळी, त्यांच्यापैकी एकाचे एक मूत्रपिंड एका न वाचलेल्या ओळीपायी जाणे, ही गोष्ट अन्यत्र घडण्यापेक्षा येथे फार महाग पडते. त्यात वेदनाशामक इंग्रजी गोळ्या सर्रास घेण्याची सवय. अशा गावांतील रुग्णाच्या सोनोग्राफीबरोबर क्रिएटिनिनही करावे आणि तोही आकडा वहीत लिहावा, असे आम्ही अलीकडे करतो.

संघटनेच्या आगामी सभेत तीन गोष्टींवर निर्णय व्हावा, अशी इच्छा आहे. चिठ्ठीचा एक समान नमुना, ज्यात लक्षणे, पूर्वीची तपासणी व वैद्याचा दूरध्वनी यांना जागा असेल. अर्ध्या पानाची मराठी पुनर्तपासणी चिठ्ठी, मोठ्या टंकात, जी अहवालाला टाचता येईल. आणि जिल्ह्यातील चित्रण केंद्रांना संघटनेतर्फे एक पत्र, की तातडीच्या आढळाबद्दल पाठवणाऱ्या वैद्यास त्याच दिवशी दूरध्वनी करावा. नमुन्यावर रोगाचे नाव लिहावे की नाही, याबाबत आमच्यातच एकमत नाही. काहींच्या मते गावात चिठ्ठी हातोहात फिरते, म्हणून नाव नको. आमच्या मते नाव नसेल तर पुढचा वैद्य काय वाचणार? सभासदांनी आपले अनुभव सभेपूर्वी लेखी कळवावेत. ज्यांनी अशी वही आधीच ठेवली आहे, त्यांनी ती सभेस सोबत आणावी, रुग्णांची नावे झाकून.